तुमच्याकडे असेल ना लिहिलेलं

दुपारचे पावणेदोन. सकाळची ओपीडी आटोपलेली, संध्याकाळची सुरू व्हायला अवकाश. नर्सिंग होमच्या काउंटरमागे डबा उघडलेला आणि मेथीच्या भाजीचा वास फिनेलच्या वासात मिसळून गेलेला. अशा वेळी एक काका आले. धुऊन धुऊन कॉलरीशी विरलेला पांढरा शर्ट, हातात मिठाईच्या दुकानाची कापडी पिशवी. पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट निघालं आणि पाकिटातून चार घड्या घातलेला एक कागद. त्यांनी तो काउंटरवर ठेवला, तळहाताने सपाट केला आणि म्हणाले, “ताई, डिपॉझिटचे राहिलेले सात हजार दोनशे न्यायला आलोय.” काउंटरवरच्या मुलीने हात पुसले, कागद उचलला, उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला. “काका, यावर काहीच नाहीये.” खरंच काही नव्हतं. थर्मल कागदावरची छपाई उडून गेली होती. घडीच्या आतल्या बाजूला, जिथे उजेड पोचला नव्हता, तिथे एखादं करडं शून्य कसंबसं तग धरून होतं. काकांनी कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “त्याच्यावर नसेल. पण तुमच्याकडे असेल ना लिहिलेलं.”

तिच्याकडे लिहिलेलं होतं. काकूंच्या नावावरून आयपीडी नंबर, म्हणजे दाखल पेशंटचा क्रमांक, सापडला, पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख सापडली आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत आकडा उमटला. बाकी १०,४८० रुपये. म्हणजे पैसे परत न्यायला आलेला माणूस उलट हॉस्पिटलचंच देणं लागत होता.

काकांचा हिशेब चुकलेला नव्हता. स्क्रीनही मनाने काही सांगत नव्हती.

तो १०,४८० चा आकडा माझ्या मनातून जाईना. कॅशलेस उपचारांत बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते, आणि त्या हिशेबात असे आकडे डासांसारखे असतात. कुठून आले ते कळत नाही, पण चावतात. डॉक्टरांना दर महिन्याला थकबाकीचा एकच मोठा आकडा सांगितला जातो आणि डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणतात, “कंपन्या पैसेच देत नाहीत हो.” काही कंपन्या देत नाहीत, हे खरंच आहे. पण ती यादी उलगडून एकेका फाइलवर बोट ठेवत गेलं, की बऱ्याच थकबाकीचा जन्म आपल्याच इमारतीत झालेला आढळतो. आणि तोही डिस्चार्जच्या दिवशी नाही, त्याच्या कितीतरी आधी. बहुतेक वेळा पहिल्याच रात्री.

रात्री दोनला पेशंट येतो. छातीत दुखतंय, घाम सुटलाय. आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा निवासी डॉक्टर, इसीजी काढता काढता जावयाला विचारतो, “बीपी आहे का? किती वर्षांपासून?” जावई घाबरलेला, सासऱ्यांच्या गोळ्यांचा रंगही त्याला ठाऊक नाही. तो म्हणतो, “असेल की आठ-दहा वर्षांपासून.” आपल्या भाषेत आकडे असे जोडीने चालतात. दोन-चार, चार-पाच, आठ-दहा. त्यात मोजमाप नसतं, अंदाज असतो, कधी नुसता धीर असतो. केसपेपरवर मात्र जोडी उतरत नाही. तिथे उतरतो एकच आकडा, आणि आरएमओ हमखास मोठा निवडतो. ‘बीपी, १० वर्षं.’ पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची, ती घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये बीपीच्या रकान्यात ‘नाही’. प्रत्यक्षात गोळी दीड वर्षापूर्वी सुरू झालेली. चौथ्या दिवशी कंपनीकडून पत्र येतं, की आजार लपवला, सबब क्लेम नामंजूर. दोन लाखांचं येणं त्या एका शब्दाने थकबाकीत जाऊन बसतं. बिलिंगमधली मुलगी त्यावर महिनाभर फोन करत राहते आणि समोरचा तिला दर वेळी तिच्याच हॉस्पिटलचं अक्षर वाचून दाखवतो.

यावर उपाय आहे, पण तो शाई वाळण्याआधी करायचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरचं नीट माहिती असलेलं माणूस आलं, की टीपीए डेस्कने त्याच्याकडून जुने कागद मागवायचे. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था, आणि तिच्याशी बोलणारं हॉस्पिटलमधलं टेबल म्हणजे हा डेस्क. गोळी पहिल्यांदा कुणी लिहून दिली, ती चिठ्ठी. मग राउंडला आलेल्या डॉक्टरांनी केसपेपरवर नव्याने, तारीख-वेळ घालून, खरी हिस्ट्री लिहायची आणि खाली सही करायची. जुन्या आकड्यावर पांढरी शाई फिरवायची नाही, दहातलं शून्य खोडून ‘१’ तर अजिबातच करायचा नाही. खाडाखोड दिसली, की चुकीलाच लबाडी म्हटलं जातं आणि मग खरं सांगूनही कुणी ऐकत नाही. पॉलिसीला सलग ६० महिने झाले असतील, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘तुम्ही लपवलंत’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती कमी झाली. त्यामुळे प्रीऑथ, म्हणजे कॅशलेसच्या मंजुरीची पहिली विनंती, पाठवतानाच पॉलिसीची पहिली तारीख बघून ठेवायची. अनेक डेस्क फक्त चालू वर्षाचं कार्ड झेरॉक्स करतात आणि मोकळे होतात.

आणि तो इसीजी. तोही काकांच्या पावतीच्याच जातीच्या, थर्मल कागदावर. कपाटातल्या उकाड्यात काही महिन्यांत तो फिका पडायला लागतो. कंपनीने पुढे कधीतरी ‘मूळ इसीजी पाठवा’ म्हटलं, की हाती गुलाबी चौकटींचा कोरा पट्टा. म्हणून इसीजी, मेडिकलची बिलं, डिपॉझिटची पावती, जे जे थर्मल ते ते त्याच दिवशी झेरॉक्स करून फाइलला लावायचं. ही सूचना कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये नाही. ज्याच्या हातात असा कोरा पट्टा कधी आलाय, त्यालाच ती सुचते.

नावांचं एक वेगळंच प्रकरण. आपल्याकडे बाईला दोन नावं असतात, कधी तीन. आधारवर सासरचं, पॉलिसीवर नोकरीतलं म्हणजे माहेरचं, आणि केसपेपरवर शेजारच्या काकूंनी सांगितलेलं घरचं. प्रीऑथ एका नावाने, लॅबचे रिपोर्ट दुसऱ्या, डिस्चार्ज समरी तिसऱ्या. कंपनीकडून क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, येणारच. दाखल करतानाच पॉलिसीवरचं नाव अक्षरशः तसंच्या तसं टाकलं आणि ओळखीचा पुरावा जोडला, की दहा मिनिटांचं काम. नंतर तेच काम दहा दिवसांचं.

दुसरी गाठ बसते खोली निवडताना. पॉलिसी चार लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. घरचे म्हणतात, आईला आवाज सहन होत नाही, सिंगल रूम द्या. सिंगल रूम ६,००० ची. त्यांच्या हिशेबाने वरचे २,००० खिशातून गेले, चार दिवसांचे ८,०००, ठीक आहे. त्यांना जे कुणी सांगत नाही ते असं, की खोलीमुळे बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. सहाला चार, म्हणजे दोनतृतीयांश. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरे मिळून ९०,००० झाले असतील, तर मंजूर होणार ६०,०००. म्हणजे ८,००० नाही, ३८,००० खिशातून. शिवाय खोली रोज ५,००० च्या वर गेली म्हणून तिच्या भाड्यावर पाच टक्के जीएसटी, तो वेगळा. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लागत नाही. लावली असेल, तर लेखी भांडायचं. आणखी एक गोष्ट छोट्या नर्सिंग होमना सहसा ठाऊक नसते. ज्या हॉस्पिटलात जनरल वॉर्ड आणि सिंगल रूम दोन्हीकडे ऑपरेशनचे दर एकच आहेत, तिथे हे प्रमाणशीर कापणं चालतच नाही. पण त्यासाठी आपलं दरपत्रक तसं छापलेलं असावं लागतं आणि ते प्रीऑथबरोबर गेलेलं असावं लागतं. दोन खोल्यांच्या फरकाचं हे गणित एका कोऱ्या कागदावर मांडून, दाखल होतानाच घरच्यांची त्यावर सही घ्यायला पाच मिनिटं लागतात. ती वाचवली, की डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर आवाज चढतात.

डिस्चार्जचा दिवस ही तर एक वेगळीच गोष्ट आहे. सकाळी साडेनऊला डॉक्टर राउंडला येतात, टाके बघतात आणि हसून म्हणतात, “चला, आज घरी.” त्या क्षणी पेशंटच्या मनात रिक्षा सुरू होते. मुलगा अर्धी रजा टाकतो, सून घरी वरणभाताचा कुकर लावते, पिशवीत टॉवेल, थर्मास, चप्पल भरली जाते. इकडे डिस्चार्ज समरी टाइप व्हायला अकरा वाजतात. भूलतज्ज्ञांच्या फीचा आकडा यायचा असतो, मेडिकलचं शेवटचं बिल आणि परत केलेल्या सलाईनचा हिशेब यायचा असतो. सव्वाला अंतिम बिल कंपनीच्या पोर्टलवर चढतं. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने कंपन्यांना बांधून घातलंय, की पहिल्या कॅशलेस मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तास. त्यापुढे उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जे जास्तीचं लावलं, ते कंपनीने स्वतःच्या, भागधारकांच्या पैशातून द्यायचं. नियम चांगला आहे. पण घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलची विनंती पोचल्यावर, डॉक्टर ‘चला घरी’ म्हणाले तेव्हा नाही. साडेनऊ ते सव्वा हे पावणेचार तास आपले. पेशंटच्या लेखी ते सगळे ‘इन्शुरन्सवाल्यांचे’.

आणि दोन चाळीसला क्वेरी येते.

‘आजाराचा कालावधी कळवा.’ उत्तर गेलं, की तासाने दुसरी. ‘इम्प्लांटचा स्टिकर आणि इनव्हॉइस पाठवा.’ मग तिसरी. ‘नर्सिंग चार्टसह पूर्ण केसपेपर पाठवा.’ कंपन्या क्वेऱ्या एकगठ्ठा का विचारत नाहीत, हा प्रश्न या धंद्यातल्या प्रत्येकाने आकाशाकडे बघून विचारलेला आहे. त्यातले हुशार मात्र आकाशाकडे बघत बसत नाहीत. ते आदल्या संध्याकाळीच तात्पुरतं बिल पाठवतात आणि वाढीव रकमेची मंजुरी मागून ठेवतात. अपघात असेल तर एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवल्याच्या नोंदीची, प्रत आणि ‘दारूचा वास नव्हता’ हे डॉक्टरांनी लिहिलेलं वाक्य, इम्प्लांट असेल तर स्टिकर केसपेपरला चिकटवलेला, पहिल्या सल्ल्याची चिठ्ठी, अॅडमिशनची गरज का पडली याच्या दोन ओळी, हे सगळं न मागता आधीच चढवतात. क्वेरीचं उत्तर लिहिताना ‘जोडले आहे’ एवढंच लिहीत नाहीत, पान क्रमांक देतात. पलीकडे बसलेला तपासनीस डॉक्टरही दिवसाला ढिगाने फाइली उपसत असतो. त्याचं बोट आपण योग्य ओळीवर नेऊन ठेवायचं, म्हणजे तो पुढच्या फाइलकडे वळतो.

अंतिम मंजुरीचं पत्र येतं, तेव्हा त्यात कापलेल्या गोष्टींचा तक्ता असतो, आणि इथे हॉस्पिटलं एक चूक नेहमी करतात. जे कापलं ते सगळं पेशंटकडून घ्यायचं, असं धरून चालतात. तसं नाही. नियामकाच्या चार याद्या आहेत. पहिलीत ६८ बाबी. डायपर, क्रेप बँडेज, नेब्युलायझेशन किट अशा. या पॉलिसीत धरल्या जात नाहीत आणि वेगळं रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, नसेल, तर पेशंटने द्यायच्या. पण दुसऱ्या यादीतल्या ३७ बाबी खोलीभाड्यातच धरलेल्या आहेत. गाऊन, टोपी, बेडपॅन, ब्लँकेट. तिसरीतल्या २३ ऑपरेशनच्या खर्चात. ब्लेड, गॉज, सर्जिकल टेप. चौथीतल्या १८ उपचारखर्चात. यूरिन बॅग, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, इन्फ्युजन पंप. म्हणजे बेडपॅनचे १८० रुपये बिलात वेगळे लावले, कंपनीने कापले आणि आपण ते काउंटरवर पेशंटकडून वसूल केले, तर एकाच बेडपॅनचे पैसे आपण दोनदा घेतले. अनेकदा यात लबाडीचा हेतू नसतो. सॉफ्टवेअरमध्ये कधीतरी भरलेली वस्तूंची यादी कुणी पुन्हा उघडून पाहिलेली नसते, एवढंच. पण काउंटरसमोर उभ्या माणसाला हेतू दिसत नाही, बेडपॅन दिसतं. वर्षातून एक दिवस बसून ती यादी या चार याद्यांशी ताडून घेतली, तर निम्मे वाद मिटतात, असं आपलं माझं मत.

पेशंट घरी गेला, की हॉस्पिटलच्या लेखी तो विषय संपतो आणि बिलिंगच्या लेखी सुरू होतो. फाइल लावायची असते. सहीचं अंतिम बिल, डिस्चार्ज समरी, मूळ रिपोर्ट, मंजुरीपत्रं, केसपेपरच्या प्रती, ओळखपत्र, सगळं करारात दिलेल्या मुदतीत. कुणाची मुदत सात दिवस, कुणाची पंधरा. बिलावर पेशंटची सही राहिली, हे तिसऱ्या दिवशी लक्षात येतं आणि पेशंट तोवर साताऱ्याला गावी गेलेला असतो. म्हणून सही आधी, मिठाईचा पुडा नंतर. गठ्ठा कुरिअरने गेला, की त्याची पोचपावती जपायची. ‘फाइल मिळाली नाही’ या वाक्याला दुसरं औषध नाही. रजिस्टर असो की एक्सेल, त्यात डिस्चार्जची तारीख, क्लेम नंबर, मंजूर रक्कम, फाइल पाठवल्याची तारीख, पोचल्याची तारीख हे रकाने हवेतच. आणि एक रकाना बहुतेकांकडे नसतो, तो म्हणजे शेवटचं बोलणं कुणाशी, कधी झालं आणि ते काय म्हणाले. दर सोमवारी ३० दिवसांपुढची, ६० पुढची आणि ९० पुढची नावं वेगळी काढायची. तिशीतल्या फाइलला नुसता ईमेल, साठीतल्या फाइलला कंपनीच्या शाखेतल्या माणसाला फोन, नव्वदीपुढे डॉक्टरांच्या सहीचं पत्र, क्लेम नंबरांच्या तक्त्यासह. मोघम ‘आमचे बरेच पैसे अडकलेत’ याला मोघमच उत्तर येतं.

कंपनीने क्लेमच नाकारला, तर हॉस्पिटलचे हात बांधलेले असतात. विमा लोकपालाकडे हॉस्पिटल जाऊ शकत नाही, जावं लागतं पॉलिसीधारकाला. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, महिनाभर उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर लोकपाल. तेही कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. पुणेकरांसाठी हे ऑफिस चक्क नारायण पेठेत आहे, लक्ष्मी रोडच्या खरेदीएवढं जवळ. पेशंटला हे सांगणं, कागद काढून देणं, अर्ज कसा लिहायचा ते दाखवणं, यात हॉस्पिटलचाच फायदा असतो. पण क्लेम नाकारल्याबरोबर हॉस्पिटल आणि पेशंट एकमेकांसमोर उभे ठाकतात आणि ज्याने नाकारलं तो बाजूला राहतो.

सरकारी योजनेच्या फाइलींचा हिशेब निराळा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेशंटकडे बाकी नावाची चीजच नाही. पॅकेजमध्ये सगळं आलं, जेवण आलं, परतीच्या एसटीचं भाडंसुद्धा आलं. तिथे जे काही अडकतं, ते हॉस्पिटल आणि योजना यांच्यातलं, आणि त्यावर लिहायचं तर दुसरा लेख लागेल.

मग एक दिवस पैसे येतात. इथे गंमत सुरू होते. बँकेच्या स्टेटमेंटवर एकच ओळ. अमुक लाख अमुक हजार, एक यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा, नंबर आणि कंपनीचं अर्धवट तुटलेलं नाव. त्या एका ओळीत नऊ पेशंटचे क्लेम एकत्र असतात. कुणाचे किती, याचा तक्ता ईमेलने येतो. तो ईमेल करारात दिलेल्या पत्त्यावर जातो आणि तो पत्ता असतो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलीचा. अकाउंटंट ती रक्कम ‘सस्पेन्स’मध्ये, म्हणजे कुणाचे ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात, टाकतो. हा शब्द अकाउंटन्सीने उगाच घेतलेला नाही. बँकेत पैसे पडलेले आणि थकबाकीच्या यादीत तीच नऊ नावं लाल, असं महिनोन् महिने चालतं. कंपनीला फोन केला, तर ते शांतपणे यूटीआर वाचून दाखवतात आणि लाज आपली जाते.

त्यात टीडीएस. टीपीए किंवा कंपनी हॉस्पिटलला पैसे देताना दहा टक्के कर कापून घेते. २००९ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं, तेव्हापासूनचा शिरस्ता आहे. कापलेला कर बुडत नाही, तो हॉस्पिटलच्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या वार्षिक करपत्रकात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. म्हणजे ते येणं पेशंटकडून नाही, कंपनीकडूनही नाही, आयकर खात्याकडून. पण पावती फाडणाऱ्याने बँकेत आलेली रक्कम तेवढी पेशंटच्या खात्यात जमा केली आणि कापलेल्या कराची नोंद केली नाही, तर सॉफ्टवेअर काय करणार? राहिलेली रक्कम ज्याचं खातं त्याच्या नावावर बाकी दाखवणार.

एक लाख चार हजार आठशेचे दहा टक्के दहा हजार चारशे ऐंशी होतात.

पेशंटकडची खरी बाकीही असतेच. नाही असं नाही. ‘उद्या आणून देतो’ म्हणून गेलेले, को-पेचे, म्हणजे पॉलिसीनुसार पेशंटच्या वाट्याचे, दहा टक्के द्यायचे राहिलेले, नंतर कंपनीने आणखी काही कापलं म्हणून निघालेले. आधी ठरवावं लागतं, की यातलं पेशंटकडून मागण्याजोगं काय. आपल्या करारातल्या दरापेक्षा जास्त लावलेलं कापलं गेलं किंवा आपण फाइल उशिरा पाठवली म्हणून कापलं गेलं, तर ते आपल्या अंगावर, पेशंटच्या नाही. उरलेलं मागायचं, तर पंधरा दिवसांच्या आत. सहा महिन्यांनी आलेला फोन माणसाला अपमान वाटतो, पंधरा दिवसांत आलेला चौकशी वाटते. “टाके कसे आहेत?” हे आधी विचारायचं आणि खरंच ऐकायचं. मग रक्कम आणि ती कशाची, एका वाक्यात. सोबत व्हॉट्सअॅपवर बिलाचा आणि कापलेल्या रकमांच्या तक्त्याचा फोटो, यूपीआयचा कोड. दोन हप्ते चालतील का, हे आपणच विचारलेलं बरं, त्यांना विचारायला लावू नये. शेजाऱ्याच्या, ऑफिसच्या नंबरवर फोन करायचा नाही. रोख भरतो म्हणाले, तरी एका अॅडमिशनच्या पोटी दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, हे लक्षात ठेवायचं. आणि दोन-तीनशेच्या बाक्या डॉक्टरांच्या सहीने वर्षातून एकदा सोडून द्यायच्या. त्या यादीत ठेवल्या, की मोठ्या बाक्या त्यांच्या गर्दीत लपतात. डिस्चार्जच पैशांसाठी अडवून धरणं हा तर वसुलीचा मार्गच नव्हे. २०२१ पासून महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. अनेक ठिकाणी ती काउंटरच्या बरोबर मागे, पैसे भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टांगलेली असते.

पण या सगळ्या फोनांत, तक्त्यांत, सोमवारच्या याद्यांत एक यादी कुणी काढत नाही. हॉस्पिटल ज्यांचं देणं लागतं, त्यांची. कॅशलेस असूनही दाखल होताना १०-१५ हजार डिपॉझिट घेतात. ते ‘कंपनीचे पैसे आले की परत’ या बोलीवर अडकून राहतं. येणं वसूल करायला एक मुलगी नेमलेली असते, तिला टार्गेट असतं. देणं परत करायला कुणी नेमलेलं नसतं. ते आपोआप व्हायचं असतं, आणि आपोआप काही होत नाही. ज्याच्यात धीर आहे, बसभाडं आहे, दुपारचा वेळ आहे, तो येऊन घेऊन जातो. बाकीचे सोडून देतात. हिशेबाच्या वहीत ही रक्कम ‘इतर देणी’ या गोंडस नावाखाली वर्षानुवर्षं बसून राहते आणि ताळेबंदाला तिचा काही त्रासही होत नाही.

काउंटरवरच्या मुलीने डबा झाकला. आतल्या खोलीतून अकाउंटंट आले, चष्मा कपाळावर चढवलेला. दोघांनी स्क्रीनवर काकूंचं खातं उघडलं. बिल १,१२,६००. मंजुरी १,०४,८००. पेशंटचा हिस्सा ७,८००, तो १५,००० च्या डिपॉझिटमधून वळता. म्हणजे परत द्यायचे ७,२००. काका बोलले तोच आकडा. खाली कंपनीची जमा ९४,३२०, आणि त्याखाली ती लाल ओळ. बाकी असलेल्या खात्यातून परतावा काढायला सॉफ्टवेअर परवानगी देत नव्हतं, म्हणून सहा महिने कुणालाच तो काढता आला नव्हता. अकाउंटंटनी टीडीएसची एक नोंद टाकली, एंटर दाबलं. लाल ओळ गेली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

“काका, चूक आमची होती. पैसे खात्यात जमा करू. कॅन्सल चेक लागेल,” ती म्हणाली.

काकांनी पुन्हा प्लास्टिकच्या पाकिटात हात घातला. चेक होता. आडव्या दोन रेघा मारलेला, घड्या जुन्या झालेला. मागे कधीतरी कुणीतरी मागितला होता म्हणून आणलेला आणि तेव्हा काउंटरवर कुणी नव्हतं म्हणून परत नेलेला. तिने त्याचा फोटो काढला, खाते क्रमांक वाचून दाखवला, काकांनी मान हलवली. मग तिने ती कोरी पावती परत पुढे सरकवली. काका म्हणाले, “ही ठेवा की तुमच्याकडेच. आता काय उपयोग?”

तिने क्षणभर विचार केला, कागद आपल्याकडे ओढला आणि पेनस्टँडमधलं बॉलपेन उचललं. करड्या शून्याच्या बाजूला आयपीडी नंबर लिहिला, खाली ७,२००, आजची तारीख, आणि आपलं नाव.

“पैसे जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत राहू द्या,” ती म्हणाली. काकांनी कागदाची पुन्हा चार घड्यांची घडी घातली.